खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय पाहावे
खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला, डॉक्टरांनी परवानगी दिल्यास, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करावे, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी, न्यूमोनिया आणि टाचांवर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) यांचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजून दुखू लागल्यास ती तेल लावून चोळू नये (आपल्याकडे हा मोह फार), तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. अचानक धाप लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. रुग्ण असंबद्ध बोलू लागला की घरचे वयाकडे बोट दाखवतात, पण त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. खुब्याच्या सांध्यात कृत्रिम गोळा बसवला असल्यास उकिडवे बसू देऊ नये. सांधा निखळल्यास तीव्र वेदना होऊन पाय आखूड, वळलेला दिसतो. जखमेतून पू आल्यास घरी मलम लावत बसू नये.