डेस्कवरचा नवा फोन वश कसा केला

फोर्टातल्या आमच्या ऑफिसात नवे आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे) आले आणि मोबाईलला फोनच लागेनात. उपाय साधा निघाला: शून्य दोनदा दाबा. पहिलं शून्य ऑफिसातून बाहेर पडायला (काही ठिकाणी ९ असतो), दुसरं सरकारी. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाईलला आधी शून्य लावावंच लागतं. मग नंबर, शेवटी हॅश; नाहीतर फोन आणखी आकड्यांची वाट बघत बसतो, सिग्नलला अडकलेल्या लोकलसारखा.

स्क्रीन काळी? चार्जर शोधू नका. आमच्या फोनला वीज नेटवर्कच्या वायरीतूनच येते. फोनच्या मागचे दोन पोर्ट बघा, भिंतीकडची वायर चुकून कॉम्प्युटरसाठीच्या पोर्टात घुसवलेली असते.

म्यूटचा लाल दिवा पेटल्याशिवाय साहेबांविषयी काही बोलू नये. अकाउंट्सचे काका हल्ली थेट जिन्यात जाऊन बोलतात.