‘गेट’च्या पुढचा शब्द बघा

शब्दकोशात ‘गेट’ (get) हे इंग्रजी क्रियापद काढलं की अर्थांची रांगच लागते. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात नर्स, दुकानदार, मेकॅनिक अशी मंडळी येतात, ती हे सगळे अर्थ वहीत उतरवून पाठ करायला बसतात. मी त्यांना ती वही मिटायला लावते. नुसत्या ‘गेट’चा अर्थ शोधू नका. पुढचा शब्द बघा, अर्थ तो ठरवतो.

आपलं ‘लागणे’ तसंच आहे. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, घाटात बस लागते. हे अर्थ आपण कधी पाठ केले? सोबतच्या शब्दावरूनच कळले ना.

आता ‘गेट’. पुढे वस्तू आली तर ‘मिळणे’: आय गॉट अ लेटर. पुढे अवस्था आली तर ‘होणे’: आय गॉट टायर्ड, इट्स गेटिंग डार्क. पुढे ठिकाण आलं तर ‘पोचणे’: आय गॉट टू पुणे. इथे एक सांभाळा, होम, हिअर आणि देअर यांच्याआधी ‘टू’ येत नाही. ‘आय गॉट होम’ म्हणायचं.

खरा वेळ द्यावा तो ‘करवून घेणे’ या अर्थाला. सलूनमधून आलेला माणूस मराठीत सहज ‘केस कापले’ म्हणतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती, हे सांगावं लागत नाही. पण तेच ‘आय कट माय हेअर’ असं म्हटलं, तर इंग्रज माणसाला वाटेल यानेच आरशासमोर कात्री चालवली. म्हणायचं, ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम लक्षात ठेवा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आय गॉट द फोन रिपेअर्ड. माणसाकडून काम करवून घेतलं तर मात्र ‘टू’ लागतो: आय गॉट हिम टू साइन. मेकॅनिक मंडळींना ‘रिपेअर्ड’चं वाक्य रोज लागतं, म्हणून मी त्यांच्याकडून गाडीच्या एकेका भागावर ते म्हणवून घेते.

‘सायकल चोरीला गेली’ हेही ‘गेट’मध्ये छान बसतं: माय सायकल गॉट स्टोलन.

बसमधून उतरताना आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, पण लंडनमध्ये ‘गेट ऑफ’ म्हणतात. बस, ट्रेन, विमान यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. कार आणि टॅक्सीला ‘इन’ आणि ‘आउट’.

अमेरिकन माणूस तिसऱ्या रूपात ‘गॉट’ऐवजी ‘गॉटन’ म्हणाला तर दचकू नका. ते जुनंच इंग्रजी रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘फरगॉटन’मध्ये ते ब्रिटनलाही रोज वापरावं लागतं. अमेरिकेत ‘आय हॅव गॉट’ म्हणजे माझ्याकडे आहे, आणि ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे मला मिळालं किंवा मी झालो. हा फरक मला फार आवडतो.

बोलताना ‘गेट’ बिनधास्त वापरा. नोकरीच्या अर्जात किंवा बँकेच्या पत्रात मात्र ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ असे नेमके शब्द लिहा. ‘आय गॉट युअर लेटर’ मित्राला चालतं, साहेबाला ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’.