फुलफ्रेम घेताय? आधी ड्रॉइंग पेपरवर ३६ बाय २४ ची चौकट आखा

मागच्या आठवड्यात ऐरोलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, फुलफ्रेम घेतेय. माझ्या डी७२०० वर ५१ फोकस पॉइंट आहेत, डी७५० वरही ५१ च आहेत. म्हणजे फोकसच्या बाबतीत तोटा नाही ना?" फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा; तिचा निकॉन डी७२०० लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचा, आणि डी७५० फुलफ्रेम. फोकस पॉइंट म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या, डोळा लावून बघायच्या खिडकीतल्या, ज्या ठिकाणांवर कॅमेरा आपोआप फोकस करतो त्या जागा.

"आत्ता काही घेऊ नकोस," मी म्हटलं. "रविवारी ठाण्याला ये, कॅमेरा आण. आणि येताना मोठा ड्रॉइंग पेपर घेऊन ये."

हा उपदेश फुकटचा नाही, मी त्याचे पैसे भरलेत. मी नौपाड्यात राहते आणि सुट्टीच्या दिवशी नाचाच्या क्लासांचे कार्यक्रम शूट करते, कधी गडकरी रंगायतन, कधी घाणेकर. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० ला गेलं की स्टेजच्या अंधारात नुसता रवा दिसायचा, म्हणून एक सेकंडहँड फुलफ्रेम डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) घेतला. पहिलाच कार्यक्रम अरंगेत्रमचा, म्हणजे शिष्येच्या पहिल्या एकल नृत्याचा होता. विंगेतून ७०-२०० ची झूम लेन्स लावून, एफ/२.८ ला (एफचा आकडा लहान तितका फोकसचा पट्टा पातळ), कमरेपासून वरच्या उभ्या फ्रेमा काढल्या. घरी येऊन लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून बघते तर कृष्णाची बासरी धरलेल्या बोटांवरच्या आलत्याच्या भेगा मोजता येत होत्या आणि डोळे मऊ! एखाददुसरा फोटो नाही, त्या पदमातले, म्हणजे त्या अभिनयाच्या नाचातले, झाडून सगळे. मी सगळ्यात वरचा पॉइंट निवडला होता, पण तो सगळ्यात वरचा पॉइंटच ओठांपाशी संपत होता. तिथे हात आला की कॅमेरा इमानेइतबारे हातावर फोकस करायचा. कॅमेऱ्याचा दोष शून्य. तपासून घेतला नव्हता मी.

तर आधी हे असं का होतं ते बघू. डीएसएलआरचा आरसा मधोमध अर्धपारदर्शक असतो. तिथून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या मॉड्यूलवर जातो. हा छोटा आरसा आणि ते मॉड्यूल किती मोठं करता येईल याला मर्यादा आहे. निकॉनचा क्रॉप सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, फुलफ्रेम ३६ बाय २४. सेन्सर क्षेत्रफळात दुपटीहून मोठा झाला, मॉड्यूल मात्र जवळपास तेवढंच राहिलं. वाटी तीच, ताट मोठं. डी७२०० आणि डी७५० चे ५१-५१ पॉइंट एकाच घराण्यातल्या मॉड्यूलचे आहेत, पण एकावर ते ताटभर दिसतात आणि दुसऱ्यावर मधोमध घोळका करून बसतात. कॅनॉनच्या ८०डी (क्रॉप) आणि ६डी मार्क टू (फुलफ्रेम) चंही तेच, दोन्हीकडे ४५ पॉइंट. निकॉनच्या डी५०० (क्रॉप) आणि डी८५० (फुलफ्रेम) दोन्हीकडे १५३, आणि डी५०० वर ते जवळजवळ फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. म्हणून डब्यावरचा आकडा वाचून काही कळत नाही. पॉइंट मध्यापासून किती लांब पोचतात, तेवढंच बघायचं.

ते बघायला ड्रॉइंग पेपर लागतो. त्यावर ३६ सेंटिमीटर बाय २४ सेंटिमीटरची चौकट आखा, आत एकेक सेंटिमीटरच्या रेघा मारा आणि मध्यापासून बाहेर आकडे घाला, आडवे १ ते १८, उभे १ ते १२. कागद भिंतीला सेलोटेपने चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीच्या बरोबर समोर ठेवा आणि चौकटीच्या कडा व्ह्यूफाइंडरच्या कडांना टेकेपर्यंत झूम करा. आता सिंगल पॉइंटवर जाऊन पॉइंट उजवीकडे ढकलत राहा, पुढे जायचा थांबेल तो कितव्या रकान्यात आहे ते लिहा. मग तसंच वरच्या बाजूला. फुलफ्रेमवर या कागदाचा एक सेंटिमीटर म्हणजे सेन्सरवरचा एक मिलिमीटर, त्यामुळे वेगळा हिशोब करावा लागत नाही. क्रॉपवर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.६५ मिलिमीटर.

भाचीच्या डी७२०० वर उजवीकडचा शेवटचा पॉइंट तेराव्या रकान्यात आला. माझ्या त्या फुलफ्रेमवर नवव्यातच अडकतो, साधारण साडेआठवर. १३ ला ०.६५ ने गुणा, तेही साडेआठच येतात. हे बघून भाची गप्प झाली. उभ्या फ्रेममध्ये हीच बाजू उंची होते. डोळे वरून सहाव्या हिश्श्यावर आले तर फुलफ्रेमवर ते मध्यापासून १२ मिलिमीटर वर असतात, क्रॉपवर आठाच्या आत. एकाच मुलीची तीच फ्रेम, पण क्रॉपवर डोळे पॉइंटखाली येतात आणि फुलफ्रेमवर साडेतीन मिलिमीटर बाहेर राहतात. माझ्या बासरीचं कोडं एवढंच होतं.

दुकानात जातानाही ही गुंडाळी न्या. फोर्टात बोरा बाजारला एका दुकानदाराने माझा कागद स्वतः काचेच्या कपाटाला चिकटवून दिला आणि वर विचारलं, "मॅडम, शाळेत शिकवता का?"

पण कॅमेरा कुठवर पोचतो हे कळलं तरी अर्धंच काम झालं. तुम्हाला कुठवर पोचायचंय ते आधी माहीत हवं, आणि ते तुमच्या जुन्या फोटोंत आहे. ओएचपीची पारदर्शक शीट लॅपटॉपच्या पडद्यावर लावा. गेल्या वर्षभरातले फक्त ठेवण्यासारखे, कुणाला दिलेले किंवा छापलेले दोनेकशे फोटो घ्या. एकेक उघडून माणसाचा, पक्ष्याचा जवळचा डोळा जिथे असेल तिथे मार्करने ठिपका द्या. आडव्या फोटोंची शीट वेगळी, उभ्यांची वेगळी. चहासकट दीड तास लागतो. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओत (निकॉनचं फोटो बघायचं सॉफ्टवेअर) कॅमेऱ्याने कुठला पॉइंट वापरला तेही दिसतं. पॉइंट एकीकडे आणि डोळा दुसरीकडे असे फोटो जास्त निघाले, तर तुम्ही आत्ताच फोकस घेऊन फ्रेम सरकवताय.

त्या सरकवण्याबद्दल. जुने लोक म्हणतात, मधला पॉइंट घे, फोकस लॉक कर, फ्रेम हलव, आम्ही आयुष्यभर हेच केलं. खरंय, आणि एफ/८ ला खुशाल करा. पण कॅमेरा फिरवला की फोकसची पातळी (जिच्यावरचं सगळं स्पष्ट दिसतं ती समोरची अदृश्य भिंत) सुद्धा त्याच्यासोबत फिरते आणि डोळा तिच्या पुढे राहतो. फुलफ्रेमवर ५० मिमी, एफ/१.८, माणूस एक मीटरवर, आणि डोळा मध्यापासून सेन्सरवर १० मिलिमीटर सरकवला, तर चूक होते साधारण १९ मिलिमीटरची. त्या अंतरावर फोकसची सगळी जाडी मिळून चारेक सेंटिमीटर, म्हणजे डोळ्याच्या पुढे दोन आणि मागे दोन. तुमचा सगळा हिस्सा सरकवण्यातच संपला. समोरचा जरा श्वास घेऊन हलला की गेलं. तेच ३५ मिमी एफ/१.४ वर मध्यापासून १२ मिलिमीटर सरकवलंत तर चूक पाच सेंटिमीटरच्या वर जाते, तिथे काहीच वाचत नाही. लांब लेन्सवर कोन लहान म्हणून चूकही लहान, ८५ वर निभावतं. चक्कर घेणाऱ्या कथकच्या मुलीवर मात्र लॉक करून सरकवण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे सतत फोकस हवा आणि पॉइंट चेहऱ्यावरच हवा.

आता शीटवरचे ठिपके आणि कागदावरचे आकडे एकमेकांसमोर ठेवा. ठिपके मधल्या निम्म्या रुंदीत आणि मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या उंचीत बसत असतील तर जुना फुलफ्रेम डीएसएलआर डोळे मिटून घ्या. कॅनॉन ६डी वर ११ च पॉइंट आहेत म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्याचा मधला पॉइंट उणे ३ ईव्हीपर्यंतच्या (ईव्ही हे उजेडाचं माप) अंधारात फोकस पकडतो. मांडवात, समईच्या उजेडात, माणूस मध्ये ठेवून काढणाऱ्याला तो आजही पुरतो. कडेचे पॉइंट मात्र नुसते मोजू नका, त्यातले क्रॉस प्रकारचे किती तेही विचारा. ६डी वर फक्त मधलाच क्रॉस आहे, बाकीचे एकाच दिशेच्या रेघा ओळखतात.

ठिपके कडेला पसरले असतील, विशेषतः उभ्या शीटवर वरच्या बाजूला, तर पैसे साठवा आणि मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घ्या. तिथे फोकस सेन्सरवरच होतो, मधल्या छोट्या आरशाची भानगड नाही. सोनी ए७ थ्री वर ६९३ पॉइंट सुमारे ९३ टक्के भाग व्यापतात. निकॉन झेड६ वर २७३ पॉइंट आडवे-उभे ९० टक्क्यांपर्यंत जातात. कॅनॉन ईओएस आर ८८ टक्के रुंदी आणि पूर्ण उंची घेतो, पण कॅनॉनच्या डीएसएलआरसाठीच्या काही जुन्या ईएफ लेन्स लावल्या की ८० बाय ८० वर येतो. तेव्हा स्वतःची लेन्स घेऊनच दुकानात जा. माझी ८५ ची एएफ-डी ही जुनी निकॉन लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर (निकॉनच्या डीएसएलआरच्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा) आपोआप फोकसच करत नाही, कारण तिला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात लागते आणि झेडमध्ये ती नाही. हे मला दुकानात कळलं, घरी येऊन नाही, एवढी तरी अक्कल तोपर्यंत आली होती. आणखी एक, यातल्या बहुतेकांचे पॉइंट उभ्या रेघा चांगल्या पकडतात, आडव्या तितक्या नाहीत. साडीच्या आडव्या काठावर फोकस मागेपुढे करत राहिला तर कॅमेरा जरा तिरका करा.

भाचीच्या शीटवर काय निघालं ते सांगते. ती मुख्यतः फ्लेमिंगोवाली. ठाणे खाडीत बोटीतून नाहीतर नेरुळच्या पाणथळीवर, ७०-३०० लेन्सने. सगळे ठिपके मध्ये, तीळ सांडल्यासारखे, कारण ती पक्षी मध्ये ठेवते आणि नंतर फोटो क्रॉप करते, म्हणजे कडा कापते. क्रॉप करणाऱ्याला पॉइंटांचा घोळका नडत नाहीच, कडा कापल्या की तो आपोआप फ्रेमभर होतो. पण मग फुलफ्रेम कशाला? त्याच लेन्सवर पक्षी फ्रेममध्ये दीडपट लहान होणार, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेममधून क्रॉप सेन्सरएवढा तुकडा कापला की हातात उरणार १० मेगापिक्सेल.

"मग ह्या पैशांचं करू काय?" ती म्हणाली.

"२००-५०० ची लेन्स बघ. फक्त तिच्यावर लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर लावू नकोस, १.४ लावला की ती एफ/८ होते आणि तुझ्या डी७२०० वर एफ/८ ला एकच पॉइंट चालतो, मधला."

"माझे ठिपके मधलेच आहेत," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने फोनवर सेकंडहँडचे भाव बघायला घेतले आणि मी कागद गुंडाळून कपाटावर टाकला.