टेक्सासमध्ये वैद्यकीय गांजा कायदेशीरपणे कसा मिळवावा

टेक्सासच्या 2015 च्या कायद्यात सुरुवातीला केवळ औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचा समावेश होता. पुढे कर्करोग, आघातोत्तर तणाव आणि 2025 मध्ये जुनाट वेदनांसारखे आजार त्यात आले. प्रथम जुने तपासणी अहवाल एकत्र करून राज्याच्या ‘कंपॅशनेट यूज’ नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर गाठावा, कारण इतर डॉक्टरांना हे औषध लिहून देता येत नाही. येथे रुग्णाला कार्ड मिळत नाही. डॉक्टर थेट संगणकीय नोंद करतो आणि परवानाधारक दुकानात ओळखपत्र, आडनाव, जन्मतारीख व सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक पाहून औषध दिले जाते, म्हणून नावाचे स्पेलिंग तपासून घ्यावे. एका मात्रेत टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते, ओढण्यास मनाई आहे आणि खर्च सहसा स्वतःलाच करावा लागतो.

एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र डॉक्टरांआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. राज्याची परवानगी असली तरी संघीय कायद्यानुसार अशा सेवनामुळे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. हे औषध भारतात येताना सामानात मुळीच ठेवू नये.