संघमालकाने मानधन थकवले, तर खेळाडूने काय करावे

व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू आणि संघमालक यांच्यातला वाद बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टीवरून सुरू होतो. हंगाम संपतो, मैदानाभोवतीचे फलक उतरतात, आणि करारातला शेवटचा हप्ता काही खात्यात जमा होत नाही. आधी ‘लेखा विभागाकडे फाईल आहे’ असे उत्तर मिळते, मग ‘पुढच्या महिन्यात’ असे, आणि नंतर फोनच उचलला जात नाही. कबड्डी, फुटबॉल, खो-खो यांसारख्या खेळांत पुण्यातून लीगमध्ये जाणाऱ्या मुलामुलींनी अशा वेळी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, हे येथे सांगायचे आहे.

सर्वांत आधी टाळायची गोष्ट म्हणजे रागाच्या भरात सराव शिबिर सोडणे. परदेशातल्या खेळाडूंच्या संपाच्या बातम्या वाचून आपणही मैदानावर उतरू नये असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु तिकडचे बळ निराळे असते. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या संघटनेची सूत्रे मार्विन मिलर यांनी १९६६ मध्ये हाती घेतली, १९६८ मध्ये मालकांशी पहिला सामूहिक करार झाला, आणि १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने खेळाडूला मालकाशी कायमचे बांधून ठेवणारे कलम निष्प्रभ झाले. एवढी पायाभरणी झालेली होती म्हणूनच १२ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेला संप २३२ दिवस टिकला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका रद्द करावी लागली. मालकांकडेही टाळेबंदीचे हत्यार असते: २००४-०५ चा उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचा संपूर्ण हंगाम त्यातच वाहून गेला. आपल्याकडे असा सामूहिक करार नाही. फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे; क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे; कबड्डी किंवा खो-खोच्या खेळाडूला तर व्यवस्थापनासमोर एकट्यानेच बसावे लागते. म्हणून पैसे थकले असतानाही आपण सराव चुकवला, तर ‘करार आधी यानेच मोडला’ असे म्हणायला मालकाला आयतेच निमित्त मिळते. करारभंग आधी कोणी केला, यावरच बहुतेक वादांचा निकाल अवलंबून असतो, आणि मालकाच्या वकिलाला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. हजेरी लावा, सामन्याला जा, वैद्यकीय तपासणी चुकवू नका, आणि तक्रार लेखी करा.

कागद गोळा करताना

करार काढून त्यातली पहिली आणि शेवटची पाने आधी वाचा; मधली रकमेची पाने आपण वाचलेलीच असतात. पहिल्या पानावर आपला करार नेमका कोणाशी झाला आहे ते कळते. फलकावर झळकणारे संघाचे नाव वेगळे आणि सही करणारी कंपनी वेगळी असते, आणि दावा कंपनीवरच लावावा लागतो. संघ येतात आणि जातात, हे पुणेकरांना तरी सांगायला नको. सहारा समूहाने २०१० मध्ये घेतलेला आयपीएलमधला पुणे वॉरियर्स संघ तीन हंगाम खेळला आणि क्रिकेट मंडळाने बँक हमी वटवल्यानंतर २०१३ मध्ये समूहाने अंग काढून घेतले. २०१४ मध्ये उभा राहिलेला एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. म्हणून कंपनी चालू आहे ना, तिचे नोंदणीकृत कार्यालय कोठे आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवावे. शेवटच्या पानांवर लवादाचे कलम, लवादाचे स्थान आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे दिलेले असते. करारात लीगच्या आयोजकांचीही सही असेल, तर नोटिशीची प्रत त्यांनाही जाईल याची काळजी घ्या. मालक लीगला जितका बिचकतो तितका खेळाडूला बिचकत नाही.

पुराव्यात बँकेचे उतारे, सामनापत्रके, शिबिराला बोलावणारे ई-मेल आणि व्यवस्थापकाचे व्हॉट्सअॅप संदेश येतात. संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट पुरेसे नसतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ फोन विकू नका आणि संभाषण पुसू नका.

एक कागद मात्र बहुतेक जण विसरतात, आणि तो फुकट मिळतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून आपला २६एएस उतारा काढा. कंपनीने आपल्या नावे किती रकमेवर टीडीएस कापून भरला, हे त्यात तारखेनुसार दिसते. बँकेत सहा लाख जमा झाले असताना उताऱ्यात कंपनीने दहा लाखांवर कर कापल्याचे दिसत असेल, तर उरलेली रक्कम देणे लागते असे कंपनीच्याच हिशेबात नोंदवलेले आहे, असा मुद्दा ठामपणे मांडता येतो. उलट आपल्या हातात कर वजा करून पैसे आले, पण उताऱ्यात नोंदच नसेल, तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय होतो. हा कर पगार म्हणून कापला आहे की व्यावसायिक शुल्क म्हणून, हेही पाहा. बहुतेक करारांत खेळाडूला स्वतंत्र सेवा देणारा म्हटलेले असते, त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार ठोठावताना ‘आपण कामगार आहात का’ याच प्रश्नावर वर्षे निघून जाण्याची भीती असते. माझे मत असे की करारात लवादाचे कलम असेल, तर एकट्या खेळाडूने त्या वादात न शिरता लवादाचाच मार्ग धरावा.

नोटीस

पहिले पत्र आपण स्वतः लिहावे, सभ्य भाषेत, आणि त्यात एकही धमकी नसावी. मजकूर साधारण असा चालेल: ‘दिनांक अमुकच्या कराराच्या कलम तमुकनुसार मला देय असलेला तिसरा हप्ता, रुपये इतके, दिनांक अमुक रोजी मिळणे आवश्यक होते. तो आजपर्यंत मिळालेला नाही. मी करारातील माझी सर्व कर्तव्ये पार पाडली आहेत व यापुढेही पार पाडण्यास तयार आहे. ही रक्कम पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी, अथवा काही आक्षेप असल्यास तो कारणांसह लेखी कळवावा.’ यातले शेवटचे वाक्य गाळू नका. उत्तर आले नाही, तर त्या वेळी आक्षेप नव्हता असे पुढे म्हणता येते. आणि ‘तंदुरुस्तीच्या कारणावरून कपात केली’ असे उत्तर आले, तर लढाई नेमकी कशावर आहे ते कळते. पत्र स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने, दोन्ही मार्गांनी पाठवावे व पावती जपून ठेवावी.

दुखापतीमुळे झालेली कपात हा सर्वाधिक गुंतागुंतीचा भाग आहे. दुखापत संघाच्या सरावात झाली की घराजवळच्या मैदानावर स्वतः खेळताना, संघाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी नोंद केली का, विमा कोणी उतरवला होता, यावर सारे ठरते. संघाच्या फिजिओने तोंडी ‘आराम कर’ म्हटले असेल, तर त्याच संध्याकाळी त्याला संदेश पाठवून ते लेखी करून घ्यावे.

फुटबॉलपटूंना थोडी अधिक ढाल आहे. फिफाच्या नियमावलीतील कलम १४ बिस प्रमाणे किमान दोन महिन्यांचे पगार थकले आणि खेळाडूने लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत देऊनही ते मिळाले नाहीत, तर योग्य कारणाने करार संपवता येतो. देणी थकवणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदीही येऊ शकते. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांच्यातला वाद मात्र अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू-दर्जाविषयक समितीपुढे जातो.

लवाद आणि मुदत

पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर वकिलामार्फत लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम २१ ची नोटीस द्यावी. ती समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवाद सुरू झाला असे मानले जाते, म्हणून मुदतीच्या हिशेबात तिचे मोल मोठे आहे. ‘लवाद संघमालक नेमतील’ असे कलम पाहून घाबरू नका. वादात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याला एकमेव लवाद एकतर्फी नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केले आहे. एकमेव लवादाच्या नावावर तीस दिवसांत एकमत झाले नाही, तर कलम ११ खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. लवादाचे स्थान पुणे किंवा मुंबई असेल तर मुंबई उच्च न्यायालयाकडे, दिल्ली असेल तर दिल्लीला. करारावर सही करतानाच हे स्थान बदलून मागावे. पाच लाखांच्या थकबाकीसाठी दिल्लीच्या वाऱ्या कोणालाच परवडत नाहीत, आणि मालकाचा हिशेब नेमका तोच असतो.

थकबाकीच्या दाव्याला सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी कंपनीने सही करून देणे कबूल केले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून ‘देतो’ हे शब्द फोनवर ऐकण्यापेक्षा लेटरहेडवर मिळवावेत. मुदतीकडे डोळेझाक केली तर काय होते, याचे उदाहरण क्रिकेटमध्येच आहे. कोची टस्कर्स हा संघ २०११ चा एकच हंगाम खेळला. मानधनाचा ३५ टक्के भाग मिळाला नसल्याची तक्रार ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉजने दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, जाहीरपणे केली. त्याच संघाच्या मालकांनी मात्र करार रद्द केल्याबद्दल क्रिकेट मंडळाविरुद्ध लवादाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या बाजूचा ५३८ कोटींचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवला.

वकिलाच्या खर्चाची अडचण असेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला खेळाडूंना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, तसाच तो अनुसूचित जाती-जमातींतील खेळाडूंनाही आहे. लीगमध्ये खेळणाऱ्या मुलींना हे क्वचितच कोणी सांगते.

तडजोडीच्या टेबलावर

बहुतेक वाद निवाड्यापर्यंत जातच नाहीत. नोटीस पोहोचल्यावर व्यवस्थापकाचा फोन येतो आणि ‘सत्तर टक्के घे आणि मिटव’ अशी बोली सुरू होते. सत्तर टक्के वाईट नाहीत, विशेषतः पुढचा लिलाव तोंडावर असताना. पण ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये. पुढच्या तारखेचा धनादेश दिला आणि तो परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यानंतर कंपनीला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, असा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेशांच्या कायद्याच्या) कलम १३८ चा क्रम आहे. त्यातली एकही तारीख हुकवू नये.

मालकाच्या हातातला खरा पत्ता असतो तो ना हरकत दाखल्याचा. दाखल्यावाचून दुसऱ्या संघात जाता येत नाही असे सांगून थकबाकी सोडून द्यायला लावले जाते. करार संपल्यानंतर खेळाडूला बांधून ठेवणाऱ्या अटी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाहीत. झहीर खान आणि त्याचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच धोरण लावले. तरीही नोंदणीची खिडकी दोन आठवड्यांत बंद होणार असेल, तर तत्त्वासाठी हंगाम घालवणे शहाणपणाचे नाही. म्हणून समझोत्यात तीन गोष्टी एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हाव्यात असे लिहून घ्यावे: रक्कम आरटीजीएसने खात्यात जमा होणे, कापलेल्या कराच्या प्रमाणपत्राची तारीख ठरणे, आणि सही-शिक्क्याचा ना हरकत दाखला मूळ प्रतीत हातात पडणे. बँकेचा संदेश फोनवर आला की मगच पेन उचलावे.