सनस्क्रीन घेताना या चुका टाळा: पुढचा आकडा सगळेच बघतात, मागची यादीही वाचा

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकला की मेडिकलवर सनस्क्रीनची मागणी वाढते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की थांबते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. उन्हाचा चटका वेगळा आणि त्वचा काळवंडवणारे अतिनील किरण वेगळे. हे किरण अंगाला जाणवत नाहीत. फेब्रुवारीतल्या सुखद दुपारीही ते भरपूर असतात आणि ढगांतूनही बरेचसे खाली येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचणीला हवा बरी वाटते, म्हणून चेहरा उघडा ठेवला जातो. मग गालावर वांग गडद झाले की खापर फुटतं ते उन्हाळ्यावर.

मी जळगावात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. ‘ताई, यातलं कोनतं चांगलं शे?’ हा प्रश्न रोजचा. त्याचं उत्तर ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं आणि ती अक्षरं वाचायला शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही.

चूक: फक्त एसपीएफ बघणं

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल, म्हणजे त्वचा लाल करून भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगतो. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ५० हे ३० च्या जवळजवळ दुप्पट चांगलं, हा हिशेब चुकीचा आहे. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या किरणांचा असतो. ते त्वचेत खोल जातात, सुरकुत्या आणि डाग वाढवतात, गाडीच्या बाजूच्या काचेतूनही आत येतात. त्यांच्यासाठी ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची. ही जपानची पद्धत आहे. चार चिन्हं म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. आपल्याकडच्या उन्हाला निदान तीन तरी हवीत. पीए लिहिलेलंच नसेल, तर मागची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

चूक: यादीतली लांबलचक नावं सोडून देणं

दोन ट्यूबांची तुलना खरी इथे होते. किरण अडवणारे घटक, म्हणजे फिल्टर, मोजकेच आहेत. आधी एवढंच विचारायचं: यातलं यूव्हीए कोण अडवतंय?

ते काम नीट करणारी चार नावं लक्षात ठेवा. झिंक ऑक्साइड. ॲव्होबेन्झोन, जे लेबलवर बहुतेकदा ब्युटिल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन असं लिहिलेलं असतं. डायएथिलॲमिनो हायड्रॉक्सिबेन्झॉइल हेक्झिल बेन्झोएट. आणि बिस-एथिलहेक्झिलऑक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनिल ट्रायझिन, ज्याचं व्यापारी नाव टिनोसॉर्ब एस. शेवटची दोन्ही उन्हात टिकून राहतात आणि माझ्या मते आज मिळणाऱ्या घटकांत सर्वांत भरवशाची आहेत. अमेरिकन व्हिडिओ बघून यादी जुळवायला गेलात तर ही दोन नावं सापडणार नाहीत, कारण तिथे ती बराच काळ मंजूरच नव्हती. आपल्याकडे आणि युरोपात मात्र ती सर्रास वापरली जातात.

एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट म्हणजेच ऑक्टिनॉक्झेट, होमोसॅलेट आणि ऑक्टिसॅलेट ही मुख्यतः यूव्हीबीवाली मंडळी. यादीत फक्त हीच दिसली, तर एसपीएफ मोठा असूनही यूव्हीएची बाजू उघडी राहते.

आता काउंटरवरची स्वस्त ट्यूब हातात घ्या. यादीत पाण्यानंतर थोड्याच अंतरावर ऑक्टिनॉक्झेट आणि त्याच्या खाली ॲव्होबेन्झोन अशी जोडी अनेकदा दिसते. ॲव्होबेन्झोन मुळात प्रकाशात विघटन पावणारं आहे आणि ऑक्टिनॉक्झेटसोबत ते आणखी लवकर निकामी होतं. त्याच यादीत ऑक्टोक्रायलिन किंवा टिनोसॉर्ब एस असेल, तर ॲव्होबेन्झोनला आधार मिळतो आणि ते जास्त वेळ टिकतं. दोन ट्यूबांवर एसपीएफ ५० असताना मी आधाराचा घटक असलेली ट्यूबच पुढे सरकवते, मग ती कमी जाहिरातीची असली तरी.

टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल एक गैरसमज होतो. ते यूव्हीबी छान अडवतं, लांब लहरींच्या यूव्हीएला मात्र झिंकइतकं अडवत नाही. शिवाय यादीच्या शेवटी ‘सीआय ७७८९१’ असं दिसलं, तर तेही टायटॅनियम डायऑक्साइडच, पण पांढऱ्या रंगासाठी घातलेलं. त्यावरून संरक्षण किती मिळेल ते कळत नाही. झिंक हा एकटाच फिल्टर असेल तर त्याचं प्रमाण भरपूर लागतं. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. लेबलवर टक्केवारी दिलेली असेल तर नक्की बघा. दोन-चार टक्के झिंक एकट्याने फारसं काही करत नाही.

चूक: ‘मिनरल’ म्हणजे केमिकल नाही असं समजणं

झिंक किंवा टायटॅनियमवाल्या सनस्क्रीनला ‘मिनरल’ म्हणतात, पण झिंक ऑक्साइड हेही रसायनच. ते किरण आरशासारखे परतवतं असं सांगितलं जातं, पण प्रत्यक्षात बहुतांश किरण ते शोषूनच घेतं. त्याचा खरा फायदा असा की संवेदनशील त्वचेला ते सहसा मानवतं आणि घामासोबत डोळ्यांत उतरलं तरी कमी चुरचुरतं. सावळ्या चेहऱ्यावर पांढुरका थर दिसतो, ही त्याची अडचण. अमेरिकेतल्या हवाई या बेटांच्या राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, ती समुद्रातल्या प्रवाळांच्या काळजीपोटी. त्यावरून हे घटक चेहऱ्याला विषारी ठरत नाहीत. ऑक्सिबेन्झोनने काहींना ॲलर्जी होते, तेवढं मात्र जपा.

चूक: वांगासाठी बिनरंगी सनस्क्रीन

वांग असणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वांग अतिनील किरणांनी वाढतात, तसे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात आणि तो प्रकाश बिनरंगी सनस्क्रीन जवळजवळ अडवत नाही. तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. लेबलवर ते सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ अशा क्रमांकांनी येतं आणि त्यानेच क्रीमला त्वचेसारखा तपकिरी रंग येतो. महिनोन्महिने रोज सनस्क्रीन लावूनही वांग हलत नसतील, तर आधी हा घटक आहे का ते तपासा. तपकिरी छटेने पांढुरकेपणाही झाकला जातो.

गोरं करणारं क्रीम ‘जोडीला’ लावत असाल तर मात्र थांबा. त्यात स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते आणि उन्हात जाताच लाल होऊन जळजळते. दोष विनाकारण सनस्क्रीनला मिळतो.

पांढऱ्या कॉलरवर नारिंगी डाग

ही तक्रार बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांतून येते. ॲव्होबेन्झोनचा लोहाशी संयोग झाला की गंजासारखा डाग पडतो. पाण्यात लोह असेल तर धुतल्यावरच तो उठून दिसतो. त्यावर ब्लीच टाकू नका, डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात कालवून डागावर थोडा वेळ ठेवा, मग धुवा. रोज पांढरे कपडे घालणाऱ्यांनी ॲव्होबेन्झोन नसलेलं सनस्क्रीन घेतलेलं बरं.

चूक: डिकीत ठेवलेली ट्यूब

मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. दाबल्यावर आधी पाणी किंवा तेल सुटलं, मग गुठळी आली, वास बदलला, तर ट्यूब टाकून द्या. हलवून पुन्हा एकजीव केलं तरी फिल्टर सगळीकडे सारखे पसरत नाहीत. फ्रीजची गरज नाही. घरातलं कपाट पुरे.

चूक: वाटाण्याएवढं लावणं

लेबलवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थराने मोजलेला असतो. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन पट्ट्या काढा. या मापाने दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी. तीच ट्यूब वर्षभर पुरत असेल, तर ५० आकड्याचं संरक्षण मिळत नाहीये. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. महागडं थोडंसं लावण्यापेक्षा योग्य घटकांचं स्वस्त सनस्क्रीन भरपूर लावणं केव्हाही चांगलं.

केळीच्या बागेत, कपाशीत दिवसभर राबणाऱ्यांना दर दोन तासांनी हात धुऊन क्रीम लावणं जमणार नाही, हे मला माहीत आहे. साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावरून रुमाल, ही शेतातल्या बायांची रीत सनस्क्रीनपेक्षा सरस आहे. कापड घट्ट विणीचं असावं. पातळ, विरळ विणीच्या ओढणीतून किरण आत येतात. मग क्रीम फक्त उघड्या राहणाऱ्या गालांना, नाकाला आणि हातांच्या पाठीला लागतं.

हळद, बेसन, खोबरेल तेल यांपैकी काहीही सनस्क्रीनची जागा घेत नाही. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, पण ते खाज शमवण्यासाठी. झिंकची पूड आणून घरी क्रीममध्ये कालवू नका, ती गोळा होते आणि मध्ये जागा उघड्या राहतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि कपडेच.

‘सनस्क्रीन मानवत नाही’ म्हणण्याआधी

नवं सनस्क्रीन तीन-चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज आली तर पुष्कळदा दोषी सुगंध असतो. बिनसुगंधी घेऊन पुन्हा बघा. पापण्या, मान आणि कोपरांच्या खळग्यांत खाज असेल, पावसाळ्यात ती वाढत असेल आणि बांधावर गाजरगवत माजलं असेल, तर ती त्या गवताची ॲलर्जी असू शकते. उघड्या अंगावर उठते म्हणून लोक तिला उन्हाची समजतात आणि एकामागून एक सनस्क्रीन बदलत राहतात. अशी खाज त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना वापरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, कारण नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे शोधायला त्यांना घटकांची यादी लागते.