स्टॉप मोशन लघुपट कसा पाहावा

स्टॉप मोशन लघुपट म्हणजे बाहुली किंवा वस्तू किंचित हलवून दर वेळी एकेक चित्र टिपत बनवलेला लघुपट. तो पहिल्यांदा पाहताना केवळ कथेकडे लक्ष द्यावे आणि मध्ये कोठेही थांबू नये. कारागिरी दुसऱ्यांदा पाहताना न्याहाळावी आणि त्या वेळी आवाज पूर्ण बंद ठेवावा. पावलांचे, दाराचे, श्वासाचे आवाज मागाहून घातलेले असतात आणि बाहुलीला वजन असल्याचा बराचसा भास तेच निर्माण करतात. ते काढून घेतल्यावरही वजन जाणवत असेल, तर हालचाल खरोखर उत्तम साधली आहे असे समजावे.

पडद्यावर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. पुष्कळदा बाहुलीची एक ठेवण दोन चित्रांसाठी वापरतात, म्हणजे दहा मिनिटांच्या लघुपटाला सुमारे 7,200 ठेवणी लागतात. मात्र या आकड्याने दिपून न जाता दोन ठेवणींमधल्या अंतराकडे पाहावे. हात उचलला जाताना तो आरंभी केसभर, मध्ये बराच आणि थांबता थांबता पुन्हा केसभर सरकतो. भरलेली घागर उचलणारी बाहुली आधी गुडघ्यांत वाकते, किंचित थबकते आणि मगच घागर जमिनीपासून सुटते. लघुपट यूट्यूबवर असल्यास संगणकावर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत जावे, म्हणजे एकेक चित्र पुढे सरकते आणि ही अंतरे स्पष्ट दिसतात. माझ्या मते या कलेचा गाभा देखण्या सेटमध्ये नसून या असमान अंतरांतच आहे.

यानंतर पृष्ठभाग पाहावा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती घडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्या कोल्हापूरकरांची नजर येथे आधीच तयार असते. मूर्तीची शाडू वाळते आणि तडकते, म्हणून बाहुल्यांसाठी न वाळणारी तेलयुक्त माती वापरतात आणि आत तारेचा किंवा सांध्यांचा धातूचा सांगाडा ठेवतात. प्रत्येक स्पर्शाबरोबर बोटांचे ठसे बदलतात आणि बाहुलीची कातडी सळसळत असल्यासारखी दिसते. हा दोष मानण्याची घाई करू नये, कारण घडवणाऱ्याचा हात दिसत राहावा म्हणून तो काही वेळा जाणूनबुजून ठेवलेला असतो. याउलट सावल्या विनाकारण लुकलुकत असतील, तर प्रकाशावरचा ताबा सुटला आहे असे निःसंकोच म्हणावे. पाणी, धूर, आग यांसाठी कोणता पदार्थ वापरला असेल, याचाही अंदाज बांधून पाहावा. पाण्याच्या जागी अनेकदा पारदर्शक कागद किंवा केसांना लावायचे जेल असते.

तरीही स्वतः थोडे केल्याशिवाय नजर पक्की होत नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटनिर्मितीच्या आरंभी, 1912 मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून दाखवली होती, आणि बाबूराव पेंटर यांनी तर याच कोल्हापुरात कॅमेराच घडवला. आपल्यापाशी मोबाइल आहे. तो घट्ट बसवावा, खिडकी झाकून एकाच दिव्याचा उजेड ठेवावा, कॅमेऱ्याचा फोकस आणि प्रकाशमान (एक्स्पोजर) आपोआप बदलणार नाहीत असे कायम करावे आणि मातीचा एक गोळा टेबलाच्या कडेपर्यंत असा न्यावा की पडण्यापूर्वी तो कचरतो आहे असे पाहणाऱ्याला वाटेल. त्यासाठी 24 ठेवणी, म्हणजे दोन सेकंद, पुरतात. हे झाल्यावर तोच लघुपट तिसऱ्यांदा लावावा, या वेळी आवाजासह.